काळ्या मातीत घर बांधतोय : पाया किती खोल आणि कसला?

परभणीकर_७

नमस्कार मंडळी. परभणीच्या बाहेर वसमत रस्त्याला ३० बाय ५० चा एनए प्लॉट घेतलाय. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तिथे कापूस आणि सोयाबीन व्हायचं, म्हणजे माती कशी असेल ते सांगायला नको. आत्ता तळमजला बांधायचा, वरचा मजला चार-पाच वर्षांनी.

ठेकेदार म्हणतो, "पाच फूट खोदू, फुटिंग टाकू, सळई दाबून घालू, काही होत नाही." फुटिंग म्हणजे प्रत्येक कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद ठोकळा. मेहुणे म्हणतात राफ्टच टाका, म्हणजे अख्ख्या घराखाली एकच काँक्रीटचा स्लॅब. माझा जीव घाबरलाय तो तीन प्लॉट सोडून असलेल्या घरामुळे. बांधून चार वर्षं झालीत. मे महिन्यात त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीतल्या फटीत दहाचं नाणं आरामात जातं. श्रावणात ती फट जवळजवळ मिटते, पण मग बेडरूमचं दार लागत नाही. हॉलमधल्या फरशा मधोमध फुगल्यासारख्या वर आल्यात. घरमालक म्हणतात, सिमेंट कमी टाकलं असणार.

माझे प्रश्न : पाच फूट पुरे का? तपासणी करायची तर कुठली? मी मातीची पिशवी भरून माती परीक्षणाला दिली होती. तिथून नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेलं कार्ड हातात आलं. :(

मांजऱ्या_खडक

ते कार्ड जपून ठेवा, अंगणात बाग केलीत तर उपयोगी पडेल. :) शेतीच्या माती परीक्षणाचा आणि पायाचा संबंध नाही. तुम्हाला स्थापत्यवाल्यांची मृद् चाचणी हवी. मी अशा प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शेजाऱ्यांच्या घराबद्दल. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी फट सिमेंट कमी पडल्याने होत नसते. ती खालची माती श्वास घेतल्यासारखी वर-खाली होतेय त्याची खूण आहे. आपली काळी माती बेसॉल्ट खडक कुजून झालेली. त्यातल्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. वैशाखात रानात पडणाऱ्या भेगा आपण लहानपणापासून बघतो, त्याच भेगा घराखालीही पडू बघतात.

आता लोक नेमके कुठे चुकतात ते सांगतो. सगळे विचारतात, "माती वजन पेलेल का?" वाळलेली काळी माती वजन झकास पेलते, मे महिन्यात टिकाव मारून बघा, ठणठण वाजते. खरा प्रश्न ती घर उचलेल का हा आहे. फुगताना ती वर जो दाब देते तो चौरस मीटरला ५ टनांपासून २०-३० टनांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या घराची फरशी, खालचं काँक्रीट, सगळं धरून चौरस मीटरला अर्धा टनही भरत नाही. मग काय होणार? फरशी वर येणार. कॉलमखालच्या फुटिंगवर १५-२० टनांचा दाब असतो, ते बऱ्यापैकी जागेवर राहतं. कॉलम जागेवर, फरशी वर, भिंत दोघांच्या कात्रीत. शेजाऱ्यांच्या हॉलची कथा हीच आहे.

म्हणून "एकच मजला आहे, हलकं घर आहे, पाया साधा चालेल" हे काळ्या मातीत उलटं पडतं. जेवढं घर हलकं तेवढा त्रास जास्त. सगळ्यात आधी तडकते ती कंपाउंडची भिंत, मग ओटा, मग जिन्याखालचं संडास.

पाच फूट पुरे का, याचं उत्तर तुमच्या प्लॉटमध्ये आहे, माझ्याकडे नाही. जेसीबी बोलवा, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्या, काळी माती संपून मुरूम कुठे लागतो ते फुटात मोजा. मग बोलू.

मिस्त्रीचा_पोरगा

+१. आमचे वडील चाळीस वर्षं गवंडीकाम करतात, त्यांची एक सोपी पद्धत. मे महिन्यात प्लॉटमधल्या मोठ्या भेगेत सरळ तुराटी घालायची, जिथे अडेल तिथे खूण करायची. त्या खुणेच्या वर पाया ठेवायचा नाही म्हणजे नाही.

मांजऱ्या_खडक

वडिलांना नमस्कार सांगा. पुस्तकात यालाच ऋतुमानाने ओल बदलण्याची खोली म्हणतात. फक्त भेग वाकडी-तिकडी जाते, तुराटी मध्येच अडकते, म्हणून खुणेच्या खाली अजून दीड-दोन फूट धरा.

लाल_चिरा

हे वाचून आम्ही कोकणातले किती सुखी आहोत ते कळलं. आमच्याकडे तीन फुटांवर जांभा. चिरे काढायचे आणि त्याच खड्ड्यात घर बांधायचं. :D

जोतं_आणि_ओटा

लाल_चिरा, एवढं हसू नका. मी आर्किटेक्ट आहे, राजापूरकडे एका घराचं काम केलंय. वरचा जांभा टणक असतो, पण तो पाच-सहा फूट फोडून खाली गेलात तर मऊ, पिवळी-गुलाबी चिकणमाती लागते. तिथे जेवढं खोल तेवढं चांगलं हा नियम चालत नाही, टणक थरावरच थांबायचं. आमच्या ठेकेदाराने उत्साहाने एक फुटिंग खाली नेलं आणि चांगला थर फोडून ठेवला. आणि खाडीकाठच्या खाजणात गेलात तर प्रकरण तिसरंच. तिथे मऊ समुद्री चिखल, वर भराव टाकला की वर्षानुवर्षं बसत राहतो, पाइलशिवाय (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांशिवाय) गती नाही.

परभणीकर, तुम्हाला एक काम सांगते, त्याला फारसा पैसा लागत नाही. त्या जमिनीचे जुने सातबारे आणि गटाचा नकाशा काढा. जुन्या उताऱ्यावर विहिरीची नोंद असली आणि आज जागेवर विहीर दिसत नसली, तर ती बुजवलेली आहे. कशाने बुजवली ते देव जाणे. एनए करताना नाले-ओघळही असेच गडप होतात. माझ्या एका क्लायंटच्या स्वयंपाकघराखाली अशी विहीर निघाली होती, अर्धवट भरलेली.

परभणीकर_७

विहिरीचं डोक्यातही आलं नव्हतं. उद्याच तलाठी कार्यालयात जातो.

पूर्णाकाठ

भाऊ, मी विदर्भातल्या दर्यापूरचा. तुमचं निदान मुरूम लागला की थांबायचं तरी ठरतं. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, खाली शेकडो फूट नदीचा गाळच आहे. मुरूम शोधायला गेलो तर पाताळात जावं लागेल. आमच्या वावरात उन्हाळ्यात पडलेल्या भेगेत बकरीच्या पिल्लाचा पाय अडकतो.

गावात सगळ्यांचीच घरं चिरलेली, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटत नाही. दर दिवाळीला भेगा बुजवायच्या, रंग मारायचा. माझ्या घराला मात्र इंजिनिअरने अंडर-रीम पाइल सांगितल्या. लोक हसले, "बंगल्याखाली पुलाचा पाया टाकतो का बे?" आठ वर्षं झाली, खोल्यांमध्ये एक चीर नाही. (ओट्याला आहे, कारण ओटा मी स्वतःच्या अकलेने नंतर बांधला.)

परभणीकर_७

@पूर्णाकाठ, ह्या अंडर-रीम पाइल म्हणजे नक्की काय? खर्च?

पूर्णाकाठ

जमिनीत एक फूट व्यासाचं भोक पाडायचं. खाली, जिथे ओल वर्षभर सारखी राहते तिथे, हत्याराने भोक कांद्यासारखं फुगवायचं, म्हणजे तिथे व्यास अडीचपट होतो. मग सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं. वरची माती फुगून पाइलला वर ओढू लागली, तरी खालचा कांदा मातीत अडकलेला असतो. खर्च माझा तरी साध्या फुटिंगपेक्षा फार जास्त आला नाही, कारण खोदाई आणि मुरमाचा भराव वाचला. भोक पाडणारी टीम मिळवणं हीच खरी कटकट.

मांजऱ्या_खडक

छान समजावलंत. थोडी भर घालतो. ही पद्धत आपल्याकडे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुजवली, खास काळ्या मातीसाठी. भारतीय मानक आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात तिचे तक्ते आहेत. ३० सेंमी खोड, ७५ सेंमी कांदा आणि साडेतीन मीटर लांबी अशा एका पाइलवर साधारण १६ टन वजन टाकता येतं, आणि वर उपटली जाण्याच्या विरोधात ती ८ टन धरून ठेवते. दोन कांदे केले तर २४ टन. मात्र हे तक्त्यातले आकडे आहेत, तुमच्या जागेवरची माती बघून डिझायनरने खात्री करायची असते.

आणि एक गोष्ट पूर्णाकाठ यांनी सांगितली नाही, बहुधा त्यांच्या इंजिनिअरने गपचूप केली असणार. पाइलच्या डोक्यांना जोडणारा जो बीम असतो तो जमिनीला टेकवायचा नसतो. खाली निदान ८० मिमी पोकळी सोडायची, म्हणजे माती फुगली तरी तिला वर यायला जागा राहते. मी कितीतरी साइटवर बघितलंय, पाइल उत्तम आणि बीम थेट काळ्या मातीवर ओतलेला. मग माती बीमच उचलते, आणि पाइलवर केलेला खर्च वाया.

जुनं_ते_सोनं

एवढा खटाटोप कशाला? आमच्या आजोबांचं माळवदाचं घर दीडशे वर्षं उभं आहे, त्याला ना आरसीसी ना मृद् चाचणी. जुने लोक शहाणे होते.

मांजऱ्या_खडक

शहाणे होतेच, पण कशात ते बघा. गावाची जमीन त्यांनी दोन नावांनी ओळखली, काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरीवर राहायचं. गावठाण सहसा उंचवट्यावर, फारशी न फुगणाऱ्या पांढऱ्या मातीवर. तुमच्या आजोबांचं घर पांढरीवर असणार, विचारून बघा. आज आपण काळीचे प्लॉट पाडून राहायला गेलोय. शिवाय माळवदाला लाकडी खांब, लाकडी तुळया. जमीन इंचभर हलली तर घर कुरकुरतं आणि जमवून घेतं, विटांची भिंत तडकते.

जोतं_आणि_ओटा

आणि माळवदाचं फार कौतुकही नको. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. किल्लारीला माणसं गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरच्या फूट-दोन फूट मातीच्या छपराखाली. तेव्हा पायाबरोबर प्लिंथला (जोत्याला), लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि छताला सलग पट्टा, हे पण यादीत लिहून ठेवा परभणीकर.

जुनं_ते_सोनं

विचारलं आईला. घर पांढरीवरच आहे. शब्द मागे घेतो.

परभणीकर_७

अपडेट : सातबाऱ्यावर विहीर नाही. पण जुन्या नकाशात प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्याजवळून ओघळ दाखवलाय! काल जेसीबीने दोन खड्डे घेतले.

नैर्ऋत्य कोपरा : साडेपाच फूट काळी माती, मग फूटभर पिवळट माती आणि चुनखडीचे खडे, मग मुरूम.
ईशान्य कोपरा : नऊ फुटांपर्यंत काळीच, त्यात एक जुनी चप्पल आणि खापरं, मग मुरूम.

ठेकेदार म्हणतो, "सगळीकडे सहा फूट धरू, जिथे मुरूम नाही तिथे फुटिंग मोठं करू."

मांजऱ्या_खडक

ती चप्पल तुम्हाला लाखभर रुपये वाचवून गेली. नऊ फुटांतला बराचसा भाग भराव आहे, ओघळ बुजवलेला.

ठेकेदाराचं म्हणणं अजिबात ऐकू नका. अर्धं घर मुरमावर आणि अर्धं काळ्या भरावावर ही सगळ्यात वाईट जोडी. अख्खं घर सारखं दोन इंच बसलं तर कळतसुद्धा नाही. एक टोक जागेवर राहून दुसरं अर्धा इंच हललं की भिंत उभी चिरते. फुटिंग मोठं केल्याने वरून येणारा दाब कमी होतो, म्हणजे फुगणाऱ्या मातीला उचलायला अजून सोपं.

करायचं ते असं : प्रत्येक कॉलम मुरमात किमान फूटभर घुसवायचा, कुठे सात-साडेसात फूट जाईल, कुठे दहा. खोली सारखी नको, थर सारखा हवा. शेजारच्या दोन फुटिंगमधल्या उंचीच्या फरकाला मर्यादा असते, ढोबळ नियम दोन आडवे-एक उभं. बाराएक फुटांवर कॉलम असतील तर तीन फुटांचा फरक बसून जाईल. आकाराचा अंदाज हवा असेल तर : वरचा मजला धरून मधल्या कॉलमवर ३० टन आलं, पायाचं स्वतःचं वजन धरून ३३, मुरमाची सुरक्षित क्षमता २० टन प्रति चौरस मीटर निघाली, तर १.६५ चौरस मीटर लागतं, म्हणजे १.३ मीटर चौरस. फुटिंग लहानच होतं बघा. पण ही २० ची संख्या मी उदाहरणाला घेतलीय, ती अहवालातून आली पाहिजे.

मिस्त्रीचा_पोरगा

काका, मग तपासणी कशाला हवी? खड्डा तर झाला, मुरूम दिसला.

मांजऱ्या_खडक

रास्त प्रश्न. दोन कारणं. एक, मुरूम म्हणजे एक वस्तू नव्हे. कुठे टिकावाला दाद देत नाही असा, कुठे मुठीत चुरगळतो असा. वरून टणक आणि दोन फूट खाली परत मऊ, असंही बेसॉल्टमध्ये होतं, कारण लाव्हा थरांनी आलाय आणि प्रत्येक थर सारखा कुजलेला नाही. पायाचा दाब फुटिंगच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंत जाणवतो, म्हणून तेवढं तरी खाली बघायचं. बोअर घेऊन एसपीटी (ठोके मोजून थर किती टणक ते बघायची चाचणी) करतात : ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पाडायचा, नळी शेवटचे ३० सेंमी आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. काळ्या मातीत तो आकडा उन्हाळ्यात एक येतो आणि भादव्यात दुसराच, हेही लक्षात ठेवा.

दोन, फुगवट्याची चाचणी. ती इतकी साधी आहे की तुम्ही बघून खूश व्हाल. वाळवून चाळलेली माती १०-१० ग्रॅम, दोन नळ्यांत. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा किती टक्के जास्त जागा घेते ते मोजायचं. आपल्या मानकात ५० टक्क्यांखाली कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, त्यावर अति.

परभणीकर_७

सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुने दिलेत. घरीपण करून बघणार, रॉकेल शोधतोय. आजच्या काळात रॉकेल मिळवणं हीच मोठी चाचणी आहे.

मेहुण्यांच्या राफ्टचं काय? रोज फोन येतो.

जोतं_आणि_ओटा

राफ्ट वाईट नाही, पण काळ्या मातीवर पातळ राफ्ट म्हणजे मोठ्ठी फरशीच. नुसता सपाट स्लॅब नाही, खाली आडव्या-उभ्या बीमचं जाळं असलेला ताठ राफ्ट लागतो, मग घर होडीसारखं एकसंध हलतं. त्यात सळई खूप जाते. तुम्हाला दहा फुटांत मुरूम मिळतोय, तर मुरमावरच जा. पूर्णाकाठना ते सुख नाही.

पाया झाल्यावरचं खरं संकट म्हणजे जोत्याचा भराव. फुटिंगच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती समोर ढीग घालून असते, ठेकेदाराला ती उचलून न्यायची नसते, आणि ती रातोरात जोत्यात जाते. त्या दिवशी साइटवर स्वतः उभे राहा. फरशीखालची काळी माती निदान तीन फूट काढून बाहेर, आणि आत चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने किंवा रॅमरने दाबून. धुम्मसने वरवर ठोकणं म्हणजे दाबणं नाही.

मांजऱ्या_खडक

बरोबर. न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा मीटरभर थर दिला की खालची माती शांत राहते, हे आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी प्रयोगांनी दाखवलं. काळ्या मातीतल्या कालव्यांची अस्तरं फुटत होती, त्यातून ते काम उभं राहिलं. कालव्याला चालतं ते घराच्या फरशीलाही चालतं. फक्त मुरूम वाळूसारखा निचऱ्याचा नको, नाहीतर पावसाचं पाणी त्यातून थेट खालच्या काळीला मिळेल.

पूर्णाकाठ

पाण्यावरून आठवलं. आमच्या शेजाऱ्याने पाया चांगला केला आणि शोषखड्डा भिंतीपासून चार फुटांवर घेतला. तिकडचाच कोपरा वर आला. शोषखड्डा, बोअरचं सांडपाणी, पागोळ्या, सगळं घरापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या. आणि घराभोवती चार-पाच फुटांची पक्की पट्टी, उतार बाहेर.

लाल_चिरा

आणि झाडं? आमच्या दाराशी आंबा-फणस असतातच.

मांजऱ्या_खडक

तुमच्या जांभ्यावर बिनधास्त. काळ्या मातीत मोठं झाड म्हणजे पाण्याचा पंप, तेवढ्याच भागातली माती आकसते. झाड पूर्ण वाढल्यावर जितकं उंच होईल तितकं तरी लांब ठेवा. ३० बाय ५० च्या प्लॉटमध्ये याचा अर्थ कढीपत्ता आणि जास्वंद.

परभणीकर_७

बऱ्याच दिवसांनी आलो. अहवाल आला. काळी माती : फुगवटा ११० टक्के. पिवळी माती : ६०. मुरूम : १५. (माझ्या घरच्या प्रयोगात काळीचा १३० आला, बायको म्हणते रॉकेलचा वास आठवडाभर गेला नाही.) दोन्ही बोअरमध्ये मुरमाखाली कच्चा खडक लागला, मध्ये मऊ थर नाही. सुरक्षित क्षमता १८ टन लिहिलीय. आरसीसी कन्सल्टंटने अकरा कॉलम, प्रत्येक मुरमात फूटभर, प्लिंथ बीमखाली पोकळी असं डिझाइन दिलं. तपासणीचे पैसे धरूनही ठेकेदाराच्या "सळई दाबून घालू" पेक्षा सळई कमी लागतेय.

एक शंका. ठेकेदार म्हणतो सगळे खड्डे एकदम मारून ठेवू, पीसीसी (फुटिंगखालचं बिनसळईचं काँक्रीट) पुढच्या आठवड्यात, दरम्यान आभाळ आलंय.

मांजऱ्या_खडक

नको. शेवटचे सहा इंच खोदायचे राखून ठेवा, ते पीसीसीच्या दिवशी सकाळी काढा. उघडा पडलेला मुरूम एका पावसात लोणी होतो आणि काळ्या मातीच्या बाजू ढासळतात. दहा फुटांच्या खड्ड्यात माणूस उतरवण्याआधी बाजूंना उतार द्या किंवा फळ्यांचा आधार द्या. कोरडी काळी माती भिंतीसारखी उभी राहते आणि न सांगता पडते. पाणी साचलंच तर उपसून, मऊ झालेला थर खरवडून, मगच पीसीसी.

परभणीकर_७

ठीक. दोन-दोन खड्डे घेऊन पुढे सरकायचं ठरलं, ईशान्य कोपऱ्यापासून सुरुवात. ठेकेदार कुरकुरतोय, पण तयार झाला. शेजारी काल खड्ड्यात वाकून बघत होते, विचारलं, "आमच्या हॉलचं आता काही होईल का हो?"

जोतं_आणि_ओटा

होईल, पण आधी त्यांना सांगा, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायची आणि वर्षभर दर महिन्याला रुंदी मोजायची. आणि हॉलमधून न्हाणीघराकडे जाणारा पाइप गळतोय का ते आजच तपासायचं. वेगळा धागा काढायला लावा त्यांना, त्यात बोलू.